सहावी चादर

ही गोष्ट रात्रीची नाही.

आधीच सांगून ठेवतो. नंतर कोणी म्हणायला नको की अंधारात भास झाला असेल. सकाळचे साडेअकरा वाजले होते. जूनचं ऊन. वाळूवर अनवाणी पाय ठेवला तर चटका बसत होता. तीनशे माणसं हजर होती. दोन जीप भरून साहेब, एक डॉक्टर, एक हवालदार, आणि दिल्लीहून आलेली निळ्या जॅकेटांतली मदतसंस्थेची मंडळी. त्या उन्हात जॅकेटं! मी खोटं बोलत असेन तर ते सगळे खोटे. तसे ते खोटेच आहेत म्हणा. पण त्या दिवशी मी जे पाहिलं, तेच त्यांनीही पाहिलं.

तारीख १९ जून २०१४. गाव कियापटा. देवी नदी समुद्राला मिळते, तिथून कोसभर अलीकडे. रजो सण संपून तीनच दिवस झाले होते.

मी खेत्रबासी. गावच्या वादळ निवाऱ्याच्या समितीत आहे. किल्ल्या, पंप, सायरन, सगळं माझ्याकडे.

आमच्या किनाऱ्यावर दर वर्षी त्या दिवशी वादळाचं नाटक होतं. सरकारी भाषेत 'सराव'. सायरन वाजतो, गाव निवाऱ्याकडे पळतं, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतात, गाई हाकतात. जखमी कोणी व्हायचं, झाडावर कोणी अडकायचं, हे कागदावर आधीच ठरलेलं असतं. या सरावाने माणसं वाचतात, हे खरं आहे. आता कितीही मोठं वादळ येऊ दे, आमच्या गावात कोणी मरत नाही. त्याबद्दल मी कृतघ्न नाही.

पण या लोकांना माणूस वाचवायचा असतो की आकडा, ते त्यांच्याबरोबर एक दिवस काढल्याशिवाय कळत नाही.

त्या वर्षी मदतसंस्थेने एक छापील तक्ता पाठवला होता. त्यात एक रकाना होता, 'मृतदेहांची व्यवस्था'. रकाना रिकामा राहिला तर सराव अपुरा. म्हणून जिल्ह्याहून आलेल्या रथबाबूंनी पाच माणसं मारायची ठरवली. बरं, हे सगळं ज्या फलकाखाली चाललं होतं, त्यावर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं: 'शून्य मृत्यू हेच आमचे ध्येय'.

"पाचच का, आज्ञा?" मी विचारलं. आमच्याकडे साहेबाला आज्ञा म्हणतात.

"चादरी पाच आल्यात," रथबाबू म्हणाले.

मढ्यांचा गट माझ्याकडे आला. मी पाच जणांच्या पायाच्या अंगठ्याला नंबराची चिठ्ठी बांधायची, नोंदवहीत लिहायचं, स्ट्रेचरवर घालून न्यायचं. एवढंच काम.

पण मढं व्हायला कोणी तयार होईना. जखमी व्हायला झुंबड होती. रक्त म्हणून लाल आलता फासून घ्यायचा, कण्हायचं, बायकांना हसवायचं. मरायचं म्हटल्यावर सगळे मागे. शेवटी बाईधर मच्छीमाराने तोड काढली. मढ्याने तोंडात पान ठेवायचं आणि चघळत राहायचं. पान चघळणारा माणूस नाटकातला, हे यमालाही कळतं. त्यावर तिघं तयार झाली. बाईधर चौथा.

पाचवी माझी खुडी.

खुडी म्हणजे काकी. धाकट्या काकांची बायको. साठीची, हाडकुळी, जिभेला धार. म्हणाली, "मी झोपते. तेवढीच एका तरी यादीत येईन."

सगळे हसले. मी नाही हसलो. मला माहीत होतं ती कशाबद्दल बोलतेय.

खुडीला एकच मुलगी होती. घरात सगळे तिला कुनी म्हणायचे. नव्व्याण्णवच्या महावात्येत, त्या महाभयंकर चक्रीवादळात, ती गेली. तेव्हा नऊ वर्षांची होती आणि मी चौदाचा. कुमार पौर्णिमेला मामाच्या गावी गेली होती, नवा फ्रॉक घालून. चार दिवसांनी परत यायची होती, एक दिवस जास्त राहिली. पाचव्या दिवशी समुद्र आला.

मामाचं गाव नदीच्या पलीकडे. तिथे काहीच उरलं नाही. प्रेतंही नाहीत.

मग याद्या झाल्या. मामाच्या गावच्या यादीवाल्याने सांगितलं, "ही मुलगी आमच्या गावची नाही." आमच्या गावच्या यादीवाल्याने सांगितलं, "ही आमच्या गावात मेलेली नाही." दोघेही कागदावर बरोबर होते. दोघांनीही खुडीला हात जोडून सांगितलं. दोघांनीही तिला एकमेकांकडे पाठवलं. पंधरा वर्षं ती नदी ओलांडत राहिली. मदतीचे पैसे तिने कधी मागितले नाहीत. ती फक्त म्हणायची, "मेली म्हणा. नाहीतर जिवंत आहे म्हणा आणि आणून द्या."

कोणी काहीच म्हणालं नाही.

निवारा बांधला तेव्हा दारावरच्या भिंतीवर महावात्येत गेलेल्यांची नावं कोरली. सरकारी यादीप्रमाणे. एकतीस. दर वर्षी सरावाच्या आधी कोणी तरी साहेब ती वाचतो, टोपी काढतो. खुडी दर वर्षी समोर उभी राहून एकतिसाव्या नावापर्यंत ऐकायची. मग घरी जायची.

"आज दिल्लीची माणसं आलीत," सकाळी ती मला म्हणाली. "तू विचार. एवढं एक नाव त्या भिंतीवर. मी मेल्यावर कुनीला ओळखणारं कोण राहणार आहे रे? तू? तुला तर तिचा चेहराही आठवत नसेल."

मला आठवत नव्हता. खरंच.

"विचारतो," मी म्हणालो.

विचारलंही. रथबाबू फलकाची दोरी ताणून बघत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आज? पाहुणे आलेत. घरचं रडगाणं आज नको."

दहाला सायरन दिला. गाव पळालं. झाडावरचे तिघे उतरवले. जखमींना पट्ट्या बांधल्या. सगळं झकास चाललं होतं. गावाबाहेर सुरूच्या झाडांपुढे, उघड्या वाळूवर पाच मढी ओळीने झोपवून मी निवाऱ्यावर आलो होतो.

तेवढ्यात पाहुण्यांना तहान लागली. शहाळी आली. मग त्यांच्या प्रमुख, कपूर मॅडम, यांना जखमींबरोबर फोटो काढायचा होता. तो नीट येईना. आलता चकाकत होता.

अर्धा तास गेला. मढी उन्हात.

"आज्ञा, म्हातारी माणसं आहेत तिकडे," मी म्हणालो.

"मेलेल्यांना कसली घाई?" रथबाबू म्हणाले, आणि स्वतःच खळखळून हसले. मॅडमना तो विनोद इंग्रजीत करून सांगितला. त्याही हसल्या.

शेवटी निघालो. पुढे मी, हातात नोंदवही आणि पाच चिठ्ठ्या. मागे रथबाबू, मॅडम आणि त्यांचा फोटोवाला. मग हवालदार आणि स्ट्रेचरवाले.

सुरूच्या झाडांपाशी आलो, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं...

कसला तरी आवाज कमी होता.

मी थांबलो. मागचेही थांबले.

समुद्र ऐकू येत नव्हता.

आम्ही जन्मल्यापासून तो आवाज ऐकतो. झोपेतही असतो. तो थांबू शकतो, हे मला माहीतच नव्हतं. झाडंही निपचित. मागून गावातला गलका येत होता, पण समोरून... काहीच नाही.

"चल ना रे," रथबाबू म्हणाले.

बाईधर पहिला होता. चादरीखाली त्याचा जबडा हलत होता. मी त्याच्या अंगठ्याला एक नंबर बांधला.

"किती वेळ रे भडव्यांनो," तो चादरीतून पुटपुटला. "भाजून काढलंत."

"मढ्यांनी बोलू नये!" रथबाबू ओरडले.

दुसरा. तिसरी. चौथी. सगळ्यांची पानं चालू होती. संस्थेच्या चादरी कोऱ्या करकरीत. घड्यांच्या रेघा दिसत होत्या.

पाचवी खुडी.

तिचा जबडा हलत नव्हता.

मी घाबरून खाली वाकलो. "खुडी..."

"बांध," ती हळूच म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. कोणी लहान मूल झोपलं असेल आणि त्याला जाग येऊ नये, तसा.

मी पाच नंबर बांधला. सरळ झालो.

तेव्हा दिसलं...

खुडीच्या पलीकडे अजून एक चादर होती.

लहानशी.

मी मनातल्या मनात मोजलं. पुन्हा मोजलं. सहा.

गावातलं एखादं पोर खोडी काढतंय, हाच विचार पहिला आला. पण त्या चादरीवर घड्यांच्या रेघा नव्हत्या. ती ओली होती. अंगाला चिकटली होती. साडेअकराच्या उन्हात तिच्याभोवतीची वाळू काळी भिजलेली होती, आणि ते ओलं हळूहळू पसरत होतं.

खुडीचा एक हात तिच्या चादरीबाहेर आला होता. तो पलीकडच्या चादरीखाली गेला होता.

तिने कोणाचा तरी हात धरला होता.

मी गुडघ्यावर बसलो. दोन्ही चादरींच्या मधे चार बोटांची फट होती. त्या फटीतून एक मनगट दिसलं. पांढरं पडलेलं. पाण्यात फार वेळ राहिल्यावर कातडी होते तसं. त्यावर लाल काचेच्या बांगड्या. बांगड्यांवर मिठाचा थर.

गुडघे वाळूवर होते, पण ती वाळू भाजत नव्हती. गार होती. बर्फ.

"सिक्स?" मागून मॅडम म्हणाल्या. त्यांनी तक्त्यावर पेन्सिलीने लिहिलंसुद्धा. मी पाहिलं.

रथबाबू पुढे आले. त्यांनी एकदा बोटाने मोजलं. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे पोर कोणी झोपवलं? ए! ऊठ! कोणाची आहे ही?"

कोणी उठलं नाही.

"खेत्रबासी, कागदावर पाच आहेत ना?"

"हो, आज्ञा."

"मग? आणि तेही लहान मूल! सरावात मूल मेलेलं दाखवलं तर वर काय उत्तर देऊ मी? पेपरात येईल. काढ तिला तिथून."

मी हललो नाही. हलता येत नव्हतं.

मग चादरीतून खुडीचा आवाज आला.

"खेत्र. ती आलीये रे. लिही."

रथबाबूंनी ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते मॅडमना समजावत होते, की गावातली पोरं फार वांड, आकडा पाचच आहे, तक्ता दुरुस्त करून घ्या. मॅडम एकदा त्या ओल्या चादरीकडे बघत होत्या, एकदा तक्त्याकडे. त्यांच्या तोंडाचा रंग उडाला होता. त्यांना कळलं होतं. माझी खात्री आहे, त्यांना कळलं होतं.

त्यांनी खोडरबर काढला.

दिल्लीहून खोडरबर घेऊन आली होती बाई!

"खेत्र," खुडी म्हणाली. "नंबर नको. नाव लिही. फक्त नाव. तुझ्या हातात वही आहे."

माझ्या हातात वही होती. शिक्क्याची, सरकारी वही. पेन उघडलेलं. पंधरा वर्षं खुडी जी वही शोधत नदी ओलांडत होती, तसलीच ती होती. एक ओळ लिहायची होती. नाव, वय, गाव. नंतर कोणी खोडलं असतं तर खोडलं असतं. पण एकदा लिहिलं गेलं असतं.

"पाच," रथबाबू माझ्या खांद्यावरून म्हणाले. "पाच लिही, आणि सही कर. माझ्यासमोर."

आणि सांगतो. त्या क्षणी मला भुताची भीती वाटत नव्हती. माझ्या समोर पाण्यातून आलेली पोर झोपली होती, तिची मला भीती वाटली नाही. मला रथबाबूंची भीती वाटली. पुढच्या वर्षी समितीत ठेवतील की नाही, याची. किल्ल्या जातील, याची.

मी लिहिलं.

एकूण मृत: ५.

पेन कागदावरून उचललं, आणि...

सहावी चादर खाली बसली.

कोणी उठून गेलं नाही. कोणी हललं नाही. आत जे होतं ते नुसतं कमी होत गेलं. आधी पायांकडून. मग पोट. मग छाती. शेवटी डोकं होतं तिथला उंचवटा थोडा वेळ राहिला. जणू ती माझ्याकडे बघत होती.

मग तोही गेला.

चादर वाळूला सपाट चिकटली.

खुडीच्या तोंडून एक आवाज निघाला. तो मी लिहू शकत नाही.

बाईधर ताडकन उठून बसला. पान थुंकून टाकलं. बाकीची मढीही उठली आणि अंगठ्याला चिठ्ठ्या तशाच घेऊन गावाकडे पळत सुटली. त्याच वेळी समुद्र पुन्हा सुरू झाला. एकदम. कानठळ्या बसतील इतका.

रथबाबूंनी बुटाच्या टोकाने चादर उचकटली. खाली ओल्या वाळूत एक खोलगट जागा होती. लहान मूल कुशीवर झोपतं, तेवढी. तिच्यात दोन बोटं पाणी साचलेलं. हवालदाराने त्यात बोट घालून जिभेला लावलं.

"खारट आहे," तो म्हणाला.

"इथे पाणी वर आहे," रथबाबू म्हणाले. "भरतीचा परिणाम."

समुद्र तिथून कोसभर लांब. भरतीची वेळही नव्हती. पण साहेबाला कोण सांगणार? हवालदाराने मान डोलावली. मॅडमनी तक्ता बॅगेत घातला. जाताना त्यांनी खुडीला पाण्याची बाटली द्यायचा प्रयत्न केला. खुडीने ती घेतली नाही. ती अजून तशीच पडून होती, हात बाजूला पसरलेला, बोटं मिटलेली. मी तिची बोटं सोडवायला गेलो, तर तिने माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे घेतला.

अहवाल आला. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. आमचा सराव जिल्ह्यात पहिला. रथबाबूंना शाल मिळाली. बढतीही मिळाली म्हणतात. अहवालात त्या जागेचा एक फोटो आहे. त्यात पाच चादरी आहेत. शेवटच्या चादरीतून एक म्हातारा हात बाहेर आलाय आणि रिकाम्या वाळूवर मूठ वळलीय. खाली लिहिलंय, 'लोकसहभाग'.

लाज नावाची चीज या लोकांच्या अंगात नसते. आणि मी त्यांच्यातलाच. किल्ल्या अजून माझ्याकडे आहेत.

पंधरा दिवस मी खुडीसमोर गेलो नाही. मग एका दुपारी गेलो. ती ओट्यावर पखाळ, पाण्यात भिजवलेला शिळा भात, खात बसली होती. मी कोरा कागद पुढे केला.

"खुडी, मी अर्ज लिहून आणतो. या वेळी थेट भुवनेश्वरला जाऊ. मी येतो बरोबर. भिंतीवर नाव घालूनच परत येऊ."

ती खात राहिली. वाटी संपवली. हात धुतला. मग म्हणाली,

"नको रे."

"का?"

"ती कचेरीत आली नव्हती, खेत्र. तिला माहीत होतं तिथे काय होतं ते. ती तुझ्यासमोर आली होती. भावाच्या हातात वही आहे म्हणून."

मी कोरा कागद दुमडून खिशात घातला.

त्यानंतर खुडी सरावाला येत नाही. साहेब एकतीस नावं वाचतो तेव्हा समोर कोणी उभं नसतं. मी असतो, मागे, पंपापाशी. दर वर्षी नावं संपली की मला वाटतं आता कोणीतरी माझी बाही ओढेल. कोणी ओढत नाही. ते जास्त भयंकर आहे.

तिचा चेहरा मला अजून आठवत नाही. खूप प्रयत्न केला. फक्त मनगट आठवतं.

या पानावर लोक भुताच्या गोष्टी वाचायला येतात. वाचतील, अंगावर काटा आला म्हणून खाली लिहितील, झोपतील. मला त्याचं काही नाही. मी हे एवढ्यासाठी लिहिलं की मला एक ओळ लिहायची होती.

शैलबाळा जेना. वय नऊ. गाव कियापटा.

तिथे लिहायची होती. तिथे लिहिली नाही.